एक भट्टी विझली, एक पेटली

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस पोलाद उद्योगात दहा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २० सप्टेंबरला ओडिशातील कलिंगनगर येथे टाटा स्टीलची नवी झोतभट्टी सुरू झाली आणि देशातील सर्वांत मोठी झोतभट्टी म्हणून तिचे स्वागत झाले. ३० सप्टेंबरला ब्रिटनमधील वेल्समधल्या पोर्ट टॅलबट येथे त्याच कंपनीची शेवटची झोतभट्टी कायमची विझवण्यात आली. शतकाहून अधिक काळ पोलादावर जगलेल्या त्या गावात आणि आसपास दोन हजारांहून अधिक नोकऱ्यांवर गदा आली. विझलेल्या भट्टीच्या जागी भंगार वितळवणारी, विजेवर चालणारी, वर्षाला ३० लाख टन क्षमतेची भट्टी येणार आहे आणि त्यासाठी तेथील सरकारने ५० कोटी पौंडांचे साह्य देऊ केले आहे.

कंपनी एक, माल एक, महिनाही एकच. मग एका देशात कोळशाची भट्टी विझते आणि दुसऱ्या देशात पेटते, हे कसे? दुटप्पीपणाचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ब्रिटनमधील भट्ट्या जुन्या होत्या, कारखाना तोट्यात होता, तिथली मागणी वाढत नव्हती आणि भंगाराची मात्र चणचण नव्हती. भारतात अजून पूल, लोहमार्ग आणि घरे उभी राहायची आहेत, खनिज मुबलक आहे आणि भंगार अपुरे. एवढे मान्य केल्यावरही एक फरक उरतोच. ब्रिटनमध्ये कार्बन उत्सर्जनाला किंमत आहे, ती सहजासहजी नाहीशी होणार नाही हे कंपनीला ठाऊक आहे आणि भट्टी बदलण्याच्या खर्चात सरकारही वाटा उचलते. भारतात यातील पहिल्या गोष्टीला आता कुठे सुरुवात होत आहे. ती कशी होते, यावर पुढची तीस-चाळीस वर्षे अवलंबून आहेत.

तीस-चाळीस वर्षे हा आकडा अतिशयोक्तीचा नाही. झोतभट्टी ही सकाळी पेटवून संध्याकाळी विझवण्याची वस्तू नव्हे. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अखंड चालते. तिच्या आतील अस्तर साधारण पंधरा ते वीस वर्षे टिकते आणि ते बदलले की तीच भट्टी पुन्हा तितकाच काळ चालवता येते. २०२४ मध्ये पेटलेली भट्टी २०६० च्या आसपासही चालू राहू शकते. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले आहे. दुसरीकडे २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादनक्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. २०२४-२५ मधील प्रत्यक्ष उत्पादन १५ कोटी टनांच्या घरात होते. याचा अर्थ, देशाला लागणारे बरेचसे पोलाद कारखाने अजून बांधले जायचे आहेत. ते कसे बांधले जातील हे याच दशकात ठरेल. नंतर पश्चात्ताप करून भट्टी पाडणे कोणालाच परवडणारे नाही.

हा प्रश्न इतका अवघड का, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र लागते. पोलाद कारखान्यात कोळसा केवळ उष्णतेसाठी वापरला जात नाही. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्यातील ऑक्सिजन काढून घेण्याचे काम कोळशापासून बनवलेला कोक करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे प्रमाण जागतिक सरासरीपेक्षा जास्त आहे. सिमेंटची गोष्ट याहून वेगळी नाही. चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजली जाते, तेव्हा चुनखडीतच बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक वाटा या चुनखडीचा असतो आणि उरलेला इंधनाचा. त्यामुळे दिवे बदलले, मोटारी बदलल्या, गळती थांबवली, तर बचत होते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्या पलीकडे जायचे तर प्रक्रियाच बदलावी लागते. पोलादात कोळशाऐवजी हायड्रोजन किंवा भंगार व स्वच्छ वीज, आणि सिमेंटमध्ये भाजलेल्या चुनखडीचे प्रमाण कमी करून राख, स्लॅग किंवा भाजलेल्या चिकणमातीचा वापर, असे मार्ग आहेत. पहिल्या प्रकारच्या सुधारणेचे पैसे दोन-चार वर्षांत वसूल होतात. दुसऱ्या प्रकाराला हजारो कोटी रुपये आणि दीर्घ भरवसा लागतो. धोरणाची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रकारात असते.

पहिल्या परीक्षेत भारत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, हे नमूद करायला हवे. २०१२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोने ‘पॅट’ ही योजना सुरू केली. सिमेंट, पोलाद, अॅल्युमिनियम, खते, कागद, कापड, क्लोर-अल्कली आणि औष्णिक वीज अशा आठ क्षेत्रांतील ४७८ कारखान्यांना प्रति टन उत्पादनामागे ऊर्जेचा वापर किती कमी करायचा याचे लक्ष्य देण्यात आले. लक्ष्याहून अधिक बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळणार होती आणि मागे पडणाऱ्याने ती विकत घ्यायची होती. २०१५ पर्यंतच्या पहिल्या टप्प्यात सुमारे ६७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात वाचली सुमारे ८७ लाख टन. त्यातून ३ कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळले. सिमेंट कारखान्यांनी भट्टीतून वाया जाणाऱ्या गरम हवेपासून वीज बनवायला सुरुवात केली आणि पंखे, पंप, दळणयंत्रे बदलली. या काळात भारतीय सिमेंट उद्योग ऊर्जेच्या काटकसरीत जगातील आघाडीच्या देशांच्या पंक्तीला जाऊन बसला.

मात्र याच योजनेत पुढच्या अडचणीचे बीज होते. लक्ष्य इतके सोपे होते की बहुतेकांनी ते सहज ओलांडले. सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रे वाटली गेली आणि विकत घेण्याची गरज होती ती सुमारे १४ लाखांची. विकणारे उदंड आणि घेणारे मोजके, अशा बाजारात भाव पडणारच. त्यात टप्पा संपला मार्च २०१५ मध्ये आणि प्रमाणपत्रांचा व्यवहार सुरू झाला सप्टेंबर २०१७ मध्ये. एक टन तेलाइतक्या ऊर्जेची सरकारने ठरवलेली किंमत दहा हजार रुपयांच्या वर होती आणि तेवढी ऊर्जा वाचवल्याचे प्रमाणपत्र मात्र सरासरी आठशे रुपयांच्याही आत विकले गेले. ज्याने लक्ष्य चुकवले त्याला प्रमाणपत्र विकत घेऊन सुटणे हेच सर्वांत स्वस्त ठरले आणि ज्याने जास्त मेहनत केली त्याच्या पदरात फारसे काही पडले नाही. कारखानदार मूर्ख नसतो. पुढच्या वेळी किती धावायचे, हे तो मागच्या वेळी मिळालेल्या बक्षिसावरून ठरवतो.

आता ‘पॅट’ची जागा कार्बन क्रेडिट व्यापार योजना घेत आहे. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली व कागद या चार क्षेत्रांतील २८२ कारखान्यांसाठी उत्सर्जनाची लक्ष्ये जाहीर झाली. ऊर्जेऐवजी आता थेट हरितगृह वायू मोजले जातील. लक्ष्य चुकवणाऱ्याने क्रेडिटही विकत घेतले नाही, तर क्रेडिटच्या सरासरी किमतीच्या दुप्पट पर्यावरण भरपाई वसूल होईल. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे स्वागत व्हायला हवे.

पण घोडे पुन्हा जुन्याच ठिकाणी अडण्याची चिन्हे दिसतात. लक्ष्ये दिली आहेत ती २०२५-२६ आणि २०२६-२७ या दोनच वर्षांसाठी, आणि पहिल्या वर्षाचे सहा महिने उलटून गेल्यावर. सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या क्षेत्रांपैकी एक असलेले पोलाद या पहिल्या यादीत नव्हते. क्रेडिटचा भाव किती खाली जाऊ दिला जाईल, हे कंपन्यांना ठाऊक नाही. दोन वर्षांचे लक्ष्य पाहून पंखा बदलता येतो. चाळीस वर्षे चालणारी भट्टी कशी बांधायची, हे त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी २०३५ मध्ये आणि २०४० मध्ये काय होणार आहे, याचा अंदाज लागतो. धोरणाचा आवाका जितका तोकडा, तितकी कंपनीची सुधारणाही वरवरची, हा सरळ हिशेब आहे.

या बाबतीत युरोपचा अनुभव शिकण्यासारखा आहे, कारण तिथे आधी चुका झाल्या आणि मग त्या दुरुस्त झाल्या. युरोपीय महासंघाने २००५ मध्ये उत्सर्जन परवान्यांचा बाजार सुरू केला. परवाने भरमसाट वाटले गेले, २००८ च्या मंदीत उत्पादन घटले आणि २०१३ मध्ये एका टनाचा भाव पाच युरोंच्याही खाली आला. त्या काळात कोळशाची भट्टी बदलावी असे कोणाच्या मनातही आले नसते. मग २०१९ पासून जास्तीचे परवाने बाजारातून काढून राखीव साठ्यात ठेवण्याची व्यवस्था आली आणि २०२३ च्या सुरुवातीला भावाने काही काळ शंभर युरोंचा टप्पा ओलांडला. तरीही पोलाद आणि सिमेंटला परवाने बऱ्याच अंशी फुकट मिळत राहिले, म्हणून या क्षेत्रांतला बदल रखडला. ती खैरात आता २०२६ ते २०३४ या काळात टप्प्याटप्प्याने बंद होणार आहे. किंमत चढली, म्हणजे सगळे आपोआप होते असेही नाही. आर्सेलरमित्तल या कंपनीने जून २०२५ मध्ये जर्मनीतील दोन कारखान्यांच्या हरित पोलादाच्या योजना सोडून दिल्या, सरकारचे सुमारे १३० कोटी युरोंचे साह्य मंजूर असतानाही. वीज महाग आणि हरित पोलादाला ग्राहक नाही, ही त्यामागची कारणे. कार्बनची किंमत, परवडणारी स्वच्छ वीज आणि तयार मालाला गिऱ्हाईक, या तिवईचा एक पाय तुटला की ती उभी राहत नाही.

युरोपचा हा बदल भारताच्या दारापर्यंतही आला आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपमध्ये येणाऱ्या पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते आदी मालावर त्यातील कार्बनच्या प्रमाणात सीमेवर शुल्क लागू झाले आहे. ऐतिहासिक उत्सर्जनाचा मोठा वाटा ज्यांचा, त्यांनीच विकसनशील देशांकडून वसुली करावी, हा भारताचा आक्षेप रास्त आहे आणि तो वाटाघाटींत ठामपणे मांडलाच पाहिजे. पण आक्षेप मांडून झाला तरी माल बंदरात उभाच राहतो. मूळ देशात कार्बनची किंमत भरलेली असेल तर तेवढी वजावट देण्याची या नियमात तरतूद आहे. जी रक्कम देशातील तिजोरीत येऊन इथल्याच भट्ट्या बदलायला वापरता आली असती, ती ब्रसेल्सच्या तिजोरीत जाऊ द्यायची का, असा हा प्रश्न आहे. देशातील क्रेडिटचा भाव नगण्य राहिला, तर वजावटही नगण्यच मिळेल.

भाव ठरवण्याइतकाच भरवसा टिकवणेही महत्त्वाचे असते आणि तिथे भारताचा इतिहास फारसा भूषणावह नाही. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला. तो वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. एक टन कोळशातून दीड टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो हे धरले, तर कार्बनला टनामागे अडीचशे रुपयांच्या आसपास किंमत लागली होती, असे म्हणता येईल. हा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी जमवायचा होता. २०१७ मध्ये तो जीएसटीच्या भरपाईकडे वळवला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच रद्द होऊन त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. सामान्य वाचकाला हा बदल कर वाढल्यासारखा वाटेल. पण पोलाद किंवा सिमेंट कारखान्याला जीएसटीची वजावट मिळते. उपकराची ती प्रत्यक्षात मिळत नव्हती. म्हणजे कोळशावर जो काही थोडा दंड होता, तोही या उद्योगांपुरता संपला.

औष्णिक वीज केंद्रांच्या बाबतीत याहून वेगळे घडले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरली आणि ती दोन वर्षांत पाळायची होती. मुदत एकदा वाढली, दोनदा वाढली, वाढतच गेली. अखेर जुलै २०२५ मध्ये देशातील तीन चतुर्थांशाहून अधिक संचांना धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हा सरकारचा युक्तिवाद आहे. त्यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. पण ज्यांनी वेळेत खर्च करून यंत्रणा बसवली ते मूर्ख ठरले आणि जे थांबून राहिले ते शहाणे ठरले, याबद्दल दुमत नसावे. असा धडा एकदा गिरवला गेला, की पुढच्या प्रत्येक नियमाकडे उद्योग ‘बघू, मुदत वाढेलच’ याच नजरेने पाहतो.

हा सगळा हिशेब टन आणि रुपयांत होतो, म्हणून तो दूरचा वाटतो. प्रत्यक्षात तो माणसाच्या श्वासापर्यंत येतो. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहावे. गडचांदूर, उपरवाही, आवाळपूर, घुग्घुस या भागात सिमेंट कारखाने आहेत, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत आणि शहराजवळ २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता. कार्बन डायऑक्साइडने गडचांदूरच्या मुलाला खोकला होत नाही. तो वायू जगभर पसरतो आणि त्याचा परिणामही जगभर वाटला जातो. पण ज्या कोळशातून तो निघतो, त्याच कोळशातून धुळीचे सूक्ष्म कण, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडेही निघतात. हे वायू हवेतच सूक्ष्म कणांत रूपांतरित होतात. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे हे कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात जातात. दमा, हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांसाठी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक सरासरीची मर्यादा सुचवली. भारताची मर्यादा ४० आहे.

म्हणूनच कोळसा कमी करणे हा हवामानाइतकाच सार्वजनिक आरोग्याचा कार्यक्रम आहे. मात्र कार्बनच्या बाजाराला हे आपोआप कळत नाही. चंद्रपूरच्या एखाद्या कारखान्याने लक्ष्य चुकवले आणि राजस्थानातील कारखान्याकडून क्रेडिट विकत घेतले, तर पृथ्वीच्या हिशेबात काही बिघडत नाही. जमा-खर्च जुळतो. पण सवलत तिकडून आली आणि धूर इकडेच राहिला. शिवाय लक्ष्य प्रति टन उत्पादनाचे आहे. टनामागचा धूर पाच टक्क्यांनी घटला आणि उत्पादन तीस टक्क्यांनी वाढले, तर कारखाना बक्षीसपात्र ठरतो आणि गावाच्या वाट्याला आधीपेक्षा जास्त धूर येतो. विकसनशील देशाने उत्पादन वाढवणे चूक नाही. चूक आहे ती या वाढीत शेजारच्या गावाचा हिशेबच न धरणे.

असाच प्रश्न सिमेंट भट्टीत जाळल्या जाणाऱ्या कचऱ्याचा आहे. शहरातील प्लास्टिक आणि उद्योगांतील टाकाऊ पदार्थ कोळशाऐवजी वापरले तर कोळसा वाचतो, कचऱ्याचे डोंगर कमी होतात आणि भट्टीतील प्रचंड तापमानात बहुतेक विषारी द्रव्ये नष्ट होतात. पण कचऱ्यात काय आहे, भट्टीचे तापमान सतत तेवढेच राहते का आणि धुरात पारा किंवा डायॉक्सिन किती, हे कोण मोजते? कार्बनच्या वहीत हा कचरा हिरवा दिसेल. आरोग्याच्या वहीतही तो हिरवाच आहे की नाही, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

मोठ्या कंपन्यांची चर्चा होते, पण महाराष्ट्रातला बराचसा लोखंडाचा धंदा लहान आणि मध्यम उद्योगांच्या हातात आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बांधकामाच्या सळ्या बनवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागांत फाउंड्री आहेत. या विजेच्या भट्ट्यांत एक टन धातू वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वितळवण्यापुरता हिशेब टनाला चारशे किलोंच्या वर जातो. हीच वीज सौर किंवा पवन ऊर्जेतून आली, तर भट्टी तीच राहून तो आकडा शून्याजवळ येतो. ब्रिटन पन्नास कोटी पौंड खर्चून ज्या प्रकारच्या भट्टीकडे चालले आहे, तिची धाकटी भावंडे जालन्यात कधीपासून उभी आहेत.

त्यांना हवी आहे ती परवडणारी स्वच्छ वीज आणि स्वस्त कर्ज. २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॉटपर्यंतच्या ग्राहकालाही बाहेरून हरित वीज घेण्याची मुभा दिली, पण वहन आकार, अधिभार आणि परवानग्यांच्या फेऱ्यांत या मुभेचे पाणी होते. लहान उद्योगांना ऊर्जाबचतीच्या यंत्रांसाठी व्याजात सवलत देणारी केंद्राची १००० कोटींची योजना २०२५ मध्ये सुरू झाली, हे चांगलेच झाले. ती बँकेच्या दारात अडकू नये. मोठी कंपनी युरोपला द्यायची कागदपत्रे बनवायला सल्लागार नेमते. निर्यातदाराला कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्रीने टनामागे किती कार्बन निघतो हे मोजायचे कसे आणि त्या मोजणीचे पैसे कोण देणार? जो मोजू शकणार नाही, तो या नव्या बाजारातून मुकाट्याने बाहेर फेकला जाईल.

खर्चाची भीती दाखवून या सगळ्याला विरोध होतो. पोलाद आणि सिमेंट महागले तर घरे महागतील, असे सांगितले जाते. त्याचा एक साधा हिशेब करून पाहता येतो. हजार चौरस फुटांच्या सदनिकेला बांधकामाच्या ढोबळ मापाने चार टन सळई आणि चारशे पोती, म्हणजे वीस टन सिमेंट लागते. सळईमागे अडीच टन आणि सिमेंटमागे सहाशे किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एकूण बावीस टन होतो. त्यावर टनाला हजार रुपये किंमत लावली आणि ती शेवटच्या पैशापर्यंत ग्राहकावर ढकलली, तरी बोजा होतो बावीस हजार रुपये. पन्नास लाखांच्या घरात हे अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी आहे. भट्टी चालवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र टनाला हजार रुपये हा फरक निर्णय बदलायला पुरेसा आहे. घर घेणाऱ्याच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

पुढे काय व्हावे, हे त्यामुळे फारसे गूढ नाही. कार्बन बाजाराची लक्ष्ये किमान दहा वर्षांसाठी आधी जाहीर व्हावीत आणि क्रेडिटला एक किमान भाव असावा, म्हणजे ‘पॅट’ची पुनरावृत्ती टळेल. पोलादाला फार काळ यादीबाहेर ठेवू नये. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेल्या पोलादाला ‘हरित’ ठरवून तारांकनाची पद्धत आणली. आता सरकारी पूल, रेल्वे आणि घरकुलांच्या निविदांत अशा पोलादाचा काही हिस्सा सक्तीचा झाला, तर मालाला गिऱ्हाईक मिळेल. अतिप्रदूषित क्षेत्रांतील कारखान्यांना क्रेडिट विकत घेऊन सुटण्याची मुभा स्थानिक हवेच्या अटी पाळल्याखेरीज नसावी. चिमणीतून काय बाहेर पडते हे सतत मोजणारी यंत्रणा प्रमुख प्रदूषक उद्योगांना २०१४ पासूनच बसवावी लागते. त्यातले आकडे कारखान्याच्या फाटकावर आणि ग्रामपंचायतीत लोकांना वाचता येतील अशा भाषेत लागले पाहिजेत. कोळशाच्या धंद्यावर जगणाऱ्या गावांत काम बदलणार असेल, तर पोर्ट टॅलबटच्या कामगारांवर आली तशी वेळ इथे येण्याआधी प्रशिक्षणाची आणि पर्यायी रोजगाराची सोय व्हायला हवी. खाण बंद झाल्यावर समिती नेमणे म्हणजे वरातीमागून घोडे.

आणि एकदा नियम केला, की तो पाळला जाईल याची हमी हवी. मुदतवाढीची सवय मोडली नाही, तर कितीही चांगली योजना कागदावरच राहील. कारखानदाराला कडक नियमाची भीती असतेच, पण त्याला त्याहून जास्त भीती असते ती नियम कधी आणि कसा बदलेल याची. नियम पक्का असेल तर तो त्यानुसार भट्टी बांधतो.

कलिंगनगरची भट्टी पेटली आहे आणि ती आता अनेक वर्षे चालणार आहे. त्याबद्दल खेद करून उपयोग नाही. पण देशात अजून कित्येक भट्ट्यांचे आराखडे टेबलावर आहेत, त्यांचे पाये खोदले जायचे आहेत. त्या भट्ट्यांत कोळसा जळेल की नाही, हे येत्या चार-पाच वर्षांतल्या नियमांवर ठरेल. गडचांदूरमध्ये आज पाळण्यात असलेले मूल चाळिशीला येईल, तेव्हाही त्यांपैकी काही भट्ट्या चालू असतील. त्यांचा धूर त्याने श्वासात घ्यायचा की नाही, याचा निर्णय ते मूल घेणार नाही, आजचे धोरणकर्तेच घेणार आहेत.